‘आयसीटी निगेटिव्ह’ म्हणजे नेमके काय तपासले? नागपूरच्या रक्तपेढ्यांना आणि प्रसूतितज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातील रक्तपेढ्यांचे वैद्यकीय अधिकारी,
प्रसूतितज्ज्ञ, सिकलसेल व थॅलेसेमियाचे रुग्ण सांभाळणारे डॉक्टर,
आणि आरोग्य विभागाचे अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला आली की रक्तगट होतो. गट आरएच निगेटिव्ह निघाला तर कागदावर ‘आयसीटी’ (इनडायरेक्ट कूम्ब्स तपासणी, म्हणजे तिच्या सिरममध्ये परक्या तांबड्या पेशींना चिकटणारी अँटिबॉडी आहे का ते पाहणे) लिहिली जाते. पॉझिटिव्ह निघाला तर अनेक ठिकाणी अँटिबॉडीचा विषय तिथेच मिटतो. सिकलसेलच्या मुलाला रक्त द्यायचे असेल तर गट जुळवून, क्रॉसमॅच करून (त्याचे सिरम दात्याच्या पेशींशी लावून पाहून) पिशवी निघते, पण आधीच्या पिशव्यांनी त्याच्या अंगात काय पेरून ठेवले आहे ते क्वचितच शोधले जाते. हे बदलावे म्हणून हे पत्र. प्रत्येक गरोदर स्त्रीची, गट कोणताही असो, आणि वारंवार रक्त लागणाऱ्या प्रत्येक रुग्णाची अँटिबॉडी तपासणी तीन स्वतंत्र पेशींच्या पॅनलवर (तीन दात्यांच्या, वेगवेगळ्या ठेवलेल्या पेशींच्या संचावर) व्हावी आणि तिचा निकाल रुग्णाच्या हातात कायमचा राहावा, ही आमची मागणी आहे.

आधी पॉझिटिव्ह गटाच्या बाईबद्दल. आरएच म्हणजे एकटा डी, म्हणजे तांबड्या पेशीवरची ज्या खुणेने (अँटिजेनने) गट पॉझिटिव्ह ठरतो ती, नव्हे. त्याच कुटुंबात कॅपिटल सी, स्मॉल सी, कॅपिटल ई, स्मॉल ई आहेत. भारतीय रक्तदात्यांत स्मॉल सी साधारण 58 टक्क्यांत सापडतो, म्हणजे शंभरातल्या 42 जणांत तो नसतो, आणि त्यातले बहुतेक डी पॉझिटिव्हच असतात. समजा, बी पॉझिटिव्ह असलेल्या अशा एका बाईला पहिल्या बाळंतपणात रक्तस्राव झाला आणि दोन पिशव्या चढल्या. त्या दोनपैकी निदान एकीत स्मॉल सी असण्याची शक्यता 82 टक्के. प्रत्येकीत अँटिबॉडी तयार होते असे नाही, पण जिच्यात झाली तिच्या पुढच्या गरोदरपणात बाळाने वडिलांकडून स्मॉल सी घेतला असेल तर ही आयजीजी प्रकारची अँटिबॉडी वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी फोडू लागते. अँटी-डी खालोखाल ज्यांच्यामुळे बाळाला गंभीर पंडुरोग होतो त्यांत अँटी-स्मॉल सी आणि अँटी-के (केल या वेगळ्या गटातल्या के अँटिजेनविरुद्धची) या दोन अग्रभागी आहेत. आणि या बाईच्या फाइलमध्ये आयसीटीचा कागदच नसतो, कारण ती ‘पॉझिटिव्ह’ आहे.

आता निगेटिव्ह गटाच्या बाईची आयसीटी कशी होते ते पाहू. बऱ्याच प्रयोगशाळांत ओ पॉझिटिव्ह गटाच्या दोन-तीन दात्यांच्या पेशी एकत्र करून त्या पूल्ड पेशींवर तपासणी होते. अँटी-डी जोरदार असेल तर ती यात सापडते. पण तिघांपैकी एकाच दात्यात कॅपिटल ई असला, तर अँटी-ई फक्त एक तृतीयांश पेशींना चिकटते. उरलेल्या दोन तृतीयांश पेशी ट्यूबमध्ये मोकळ्या फिरतात आणि चिकटलेल्या पेशींची अशक्त गुठळी त्यात हरवून जाते. के अँटिजेन आपल्याकडे तीन-चार टक्के दात्यांतच आहे, त्यामुळे स्थानिक पूलमध्ये तो बहुधा नसतोच. म्हणजे अँटी-के असलेल्या बाईचाही कागद ‘आयसीटी निगेटिव्ह’ म्हणतो. किड या आणखी एका रक्तगट-कुटुंबाविरुद्धच्या अँटिबॉडींची तर आणखी एक खोड आहे. ज्या पेशीवर अँटिजेनची दुहेरी मात्रा असते (आई-वडील दोघांकडून तो आलेला असतो) तिच्याशीच त्या नीट प्रतिक्रिया देतात, एकेरी मात्रेच्या पेशीवर गप्प बसतात. म्हणून स्क्रीनिंगच्या, म्हणजे अँटिबॉडी शोधण्याच्या, पेशी वेगवेगळ्या ट्यूबमध्ये असाव्या लागतात, आणि डी, स्मॉल सी, ई, किडचे जेके-ए, जेके-बी आणि डफी गटाचे एफवाय-ए, एफवाय-बी हे अँटिजेन त्यांपैकी कुठल्या ना कुठल्या पेशीवर दुहेरी मात्रेत असावे लागतात. दात्यांच्या प्लाझ्मासाठी पूल्ड पेशी चालून जातात. ज्याला रक्त घ्यायचे आहे त्याच्यासाठी, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिच्यासाठी, त्या चालत नाहीत.

निदान आजपासून एवढे करा: आयसीटीच्या प्रत्येक कागदावर ‘पूल्ड ओ पेशी’, ‘दोन-पेशी पॅनल’ की ‘तीन-पेशी पॅनल’, आणि ‘ट्यूब’ की ‘जेल’ (नळीत की जेल भरलेल्या कार्डात), हे लिहा. वाचणाऱ्या डॉक्टरला त्या ‘निगेटिव्ह’ची किंमत तेव्हाच कळेल.

पॅनल परवडत नाही, असे उत्तर येते. तयार पॅनलची मुदत चार-पाच आठवड्यांचीच असते, नागपूरला पोचेपर्यंत त्यातले काही दिवस गेलेले असतात, आणि मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना कुरिअरच्या थर्मोकोलच्या डब्यातला बर्फ वितळला की पेशी फुटून वरचे द्रावण गुलाबी दिसते. तशी बाटली वापरू नयेच. बर्फाला थेट टेकून गोठलेलीही नको. ही अडचण आम्ही नाकारत नाही. पण तिच्यावर उपाय शहरातच आहे: नियमित येणाऱ्या ओ गटाच्या दात्यांतून आपले स्वतःचे पॅनल. त्यासाठी आर-वन आर-वन (डी आणि कॅपिटल सी दुहेरी), आर-टू आर-टू (डी आणि कॅपिटल ई दुहेरी) आणि आरएच निगेटिव्ह अशा तीन प्रकारचे दाते हवेत. त्यांच्या के, डफी, किड, एमएनएस या गटांची पूर्ण नोंद हवी. प्रत्येकाच्या पेशी सलाईनने तीनदा धुवून अल्सेव्हरसारख्या परिरक्षक द्रावणात 3 ते 5 टक्के सस्पेन्शन करून 2 ते 8 अंशांवर ठेवायच्या, आणि रोज वापरण्यापूर्वी हिमोलिसिस (पेशी फुटल्या आहेत का) पाहायचा.

अवघड आहे तो आर-टू आर-टू दाता. कॅपिटल ई साधारण 20 टक्क्यांत आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ई असलेला माणूस शंभरात एखादाच, आणि त्यात गट ओ हवा. तीनशेच्या आसपास दाते तपासले तर एक हाती लागेल. एकट्या लहान रक्तपेढीला हे पेलणार नाही. मेडिकल, मेयो, डागा, एम्स ही सरकारी रुग्णालये आणि धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांना रक्त पुरवणाऱ्या पेढ्या यांनी दात्यांच्या संमतीने एक सामायिक यादी केली तर सहज जमेल. नमुना एकीने घ्यावा, पेशी सगळ्यांनी वाटून घ्याव्यात. आरोग्य विभागाने फक्त ही यादी कुणी ठेवायची ते ठरवून द्यावे.

पॅनल चांगले असूनही तपासणी हातात बिघडते, म्हणून टेबलावरच्या कामाबद्दल सविस्तर लिहितो. ट्यूबमध्ये दोन थेंब सिरम आणि एक थेंब 3 ते 5 टक्के पेशी. 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये साध्या सलाईनच्या पद्धतीत 45 ते 60 मिनिटे. लिसमधल्या (कमी क्षारांच्या द्रावणातल्या) पेशी असतील तर 15 मिनिटे पुरतात, पण मग सिरम आणि पेशी समसमान, दोन थेंबांना दोन थेंब. लिस वापरताना ‘जरा जास्त सिरम घालू’ असा मोह होतो, आणि त्याने द्रावणातले क्षार वाढून लिसचा फायदाच जातो. नंतर ट्यूब काठोकाठ सलाईनने भरून तीन ते चार वॉश. शेवटच्या वॉशनंतर ट्यूब एका झटक्यात उलटी करून कडेचा थेंब टिश्यूवर टिपायचा. लगेच दोन थेंब एएचजी (अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन), 1000 आरपीएमवर एक मिनिट, आणि तळाशी बसलेल्या पेशींचे बटण हलक्या हाताने तिरपे करत वाचन.

सगळी मेख वॉशमध्ये आहे. एएचजी हे मानवी आयजीजीला पकडणारे द्रव्य आहे. धुताना सिरमचा थोडासा अंश जरी मागे राहिला तरी त्यातले मोकळे आयजीजी एएचजी संपवून टाकते, आणि पेशींवर चिकटलेल्या अँटिबॉडीच्या वाट्याला काही उरत नाही. निकाल खोटा निगेटिव्ह येतो. ट्यूब हलवताना तोंडावर अंगठा ठेवणे ही साधी सवयही हेच करते, कारण त्वचेवरची प्रथिने आत जातात. वॉश मध्येच थांबवून चहाला गेले, की सैल चिकटलेली अँटिबॉडी पेशी सोडून सलाईनमध्ये उतरते. धुणे सुरू झाले की एएचजी पडेपर्यंत हात थांबता कामा नये. पेशींचे सस्पेन्शन दाट झाले तर प्रत्येक पेशीच्या वाट्याला कमी अँटिबॉडी येते आणि गुठळी मऊ पडते.

म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये चेक सेल घालणे हा तपासणीचाच भाग आहे. आयजीजी चढवलेल्या ओ पॉझिटिव्ह पेशी घालून पुन्हा फिरवल्यावर गुठळी आली, तरच एएचजी जिवंत होते असे समजायचे. नाही आली तर ती तपासणी रद्द करून पहिल्यापासून करायची. चेक सेल आपल्याच प्रयोगशाळेत करताना अँटी-डी इतके पातळ करा की कूम्ब्समध्ये दोन-प्लस, म्हणजे मध्यम, गुठळी येईल. समान भाग धुतलेल्या पेशी आणि पातळ अँटी-डी, 37 अंशांवर अर्धा तास, मग नीट वॉश. चार-प्लस, म्हणजे एकदम घट्ट गुठळी, देणारे चेक सेल दिसायला छान असतात, पण अर्धेअधिक निकामी झालेल्या एएचजीलाही ते पास करून टाकतात. या एका कारणाने महिनोन्महिने खोटे निगेटिव्ह जाऊ शकतात आणि दर्जाची वही मात्र स्वच्छ दिसते.

जेल कार्डात वॉश नाही, चेक सेल नाही. 50 मायक्रोलिटर 0.8 टक्के पेशी, 25 मायक्रोलिटर प्लाझ्मा, 37 अंशांवर 15 मिनिटे, मग ठरलेल्या वेगाने 10 मिनिटे फिरवणे. इथल्या चुका वेगळ्या आहेत. ट्यूबच्या सवयीने 5 टक्के पेशी घातल्या जातात. नीट न साकळलेल्या रक्ताच्या सिरममधले फायब्रिन जेलवर जाळे धरते आणि पेशींची रेघ वरच अडकून खोटा पॉझिटिव्ह दिसतो. उन्हाळ्यात एसी बंद असलेल्या खोलीत पडून राहिलेल्या कार्डात जेल आकसतो, बुडबुडे दिसतात, वरचा द्रवाचा थर नाहीसा होतो. कार्ड उघडण्यापूर्वी उजेडात धरून पाहायला पाच सेकंद लागतात. तसे कार्ड टाकून द्या.

प्रसूतितज्ज्ञांना टायटरबद्दल, म्हणजे सिरम किती पट पातळ करूनही अँटिबॉडी दिसते त्या आकड्याबद्दल, कळकळीने सांगायचे आहे. अँटी-डीचा टायटर ट्यूब पद्धतीत साधारण 16 ला पोचला की बाळाकडे बारकाईने पाहायचे, गर्भाच्या मेंदूतील रक्तवाहिनीचा डॉप्लर करायचा. हा आकडा ट्यूबचा आहे. जेलमध्ये तोच नमुना वरचा आकडा देतो. एका महिन्यात एका प्रयोगशाळेतून ट्यूबचा 16 आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडून जेलचा 64 आला, तर टायटर वाढला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. घबराट तरी होते, नाहीतर उलट क्रमाने आला तर खोटा दिलासा मिळतो. म्हणून एका बाईचे टायटर एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने करा. प्रयोगशाळेने आधीचा नमुना गोठवून ठेवावा आणि नवीन नमुन्यासोबत त्याच बैठकीत लावावा. दुप्पट-दुप्पट पातळ करताना प्रत्येक ट्यूबला नवी टिप घ्या. एकच टिप शेवटपर्यंत वापरली तर पहिल्या ट्यूबमधले सिरम पुढे वाहत जाऊन टायटर फुगतो. एका ट्यूबचा फरक हातातला फरक असू शकतो. दोन ट्यूबची, म्हणजे चौपट, वाढ खरी धरायची. अँटी-के असेल तर मात्र 16 ची वाट पाहू नका. ती बाळाच्या पेशी फोडण्याबरोबरच त्याच्या मज्जेतले नव्या पेशींचे उत्पादनही दाबते, आणि टायटर कमी असतानाही बाळ पंडुर होऊ शकते.

निगेटिव्ह बाईच्या अंगात स्वतःची अँटी-डी तयार होऊ नये म्हणून देतात त्या 28 व्या आठवड्याच्या 300 मायक्रोग्रॅम अँटी-डी इंजेक्शनबद्दलही दोन चुका होतात. आयसीटीचा नमुना इंजेक्शनच्या आधी घ्यायचा. नंतर घेतला तर इंजेक्शनमधलीच अँटी-डी काही आठवडे दिसत राहते, सहसा कमी टायटरची, आणि बाई संवेदनशील झाली, म्हणजे तिने स्वतः अँटी-डी तयार केली, असा शिक्का बसतो. त्याहून नुकसानीची चूक पुढची: बाळंतपणानंतर तो ‘पॉझिटिव्ह’ पाहून 72 तासांतले इंजेक्शन नाकारणे. इंजेक्शनची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर आणि तपासणीच्या विनंतीपत्रावर, दोन्हीकडे लिहा. 72 तास हुकले तरी दहा दिवसांपर्यंत देण्यात अर्थ आहे.

सिकलसेलकडे येताना विदर्भ डोळ्यांपुढे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि सीमेपलीकडून बालाघाट-छिंदवाड्याचे रुग्ण नागपूरलाच येतात. 1 जुलै 2023 ला शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. त्या तपासणीत जो मुलगा एसएस (आई-वडील दोघांकडून सिकलसेल आलेला) निघेल त्याचा पूर्ण फिनोटाइप (पेशींवर कोणते अँटिजेन आहेत ती नोंद) पहिले रक्त चढण्याआधीच करून ठेवावा. सिकलसेलचे निदान पक्के करणाऱ्या एचपीएलसी तपासणीसाठी घेतलेल्या ईडीटीए नमुन्यात उरलेले रक्त त्याला पुरते. निदान सी, स्मॉल सी, ई, स्मॉल ई आणि के एवढे तरी तपासा. एकदा पिशव्या चढल्या की पुढचे तीन महिने दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि फिनोटाइप विश्वासाचा राहत नाही. तेव्हाही एक वाट उरते: एसएस रुग्णाच्या पेशी 0.3 टक्के सलाईनने धुतल्या तर दात्याच्या साध्या पेशी फुटतात आणि रुग्णाच्या तग धरतात. उरलेल्या पेशी नेहमीच्या सलाईनने धुवून तपासता येतात. थॅलेसेमियात ही युक्ती लागू नाही.

रक्त चढल्यावर साधारण तीन ते चौदा दिवसांनी मुलाला ताप, अंगदुखी, कावीळ, चहासारखी लघवी सुरू झाली तर सगळ्यांच्या तोंडी ‘क्रायसिस’ (सिकलसेलच्या वेदनांचा झटका) हा शब्द येतो. ही उशिरा येणारी हिमोलिटिक (पेशी फोडणारी) प्रतिक्रिया असू शकते. हिमोग्लोबिन रक्त चढवण्याआधीपेक्षाही खाली गेले असेल, तर रुग्णाच्या स्वतःच्या पेशीही फुटत आहेत, आणि घाईने दिलेली आणखी एक पिशवी आगीत तेल ठरू शकते. आधी ताजा नमुना रक्तपेढीकडे पाठवा आणि ‘मागच्या पंधरवड्यात रक्त दिले’ हे त्यावर लिहा. डीसीटी (रुग्णाच्या रक्तातल्या पेशींवर अँटिबॉडी चिकटली आहे का ही तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून शंका सोडू नका. अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी एव्हाना संपलेल्या असू शकतात.

स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आले की पुढची शिस्त सांगायची तर, ऑटोकंट्रोल लावा (रुग्णाचे सिरम त्याच्याच पेशींवर), 11 पेशींचे पॅनल लावा, निदान तीन पॉझिटिव्ह आणि तीन निगेटिव्ह पेशींनी अँटिबॉडीचे नाव पक्के करा, आणि रुग्णाच्या पेशींवर तो अँटिजेन नाही याची खात्री करा. जिथे उलगडा होत नाही तिथे नमुना मुंबईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीकडे जाऊ शकतो. पिशव्या किती तपासाव्या लागतील याचा हिशेब नातेवाइकांना आधीच सांगावा. अँटी-ई असेल तर शंभरातल्या 80 पिशव्या चालतात, दोन मिळवायला तीन तपासल्या की झाले. अँटी-स्मॉल सी असेल तर दोनसाठी पाच. स्मॉल सी आणि जेके-ए अशा दोन्ही अँटिबॉडी असतील तर जेके-ए नसलेले दाते पाचात एक, त्यातले 42 टक्केच स्मॉल सी नसलेले, म्हणजे दोन पिशव्यांसाठी गट जुळणाऱ्या चोवीस-पंचवीस पिशव्या. रात्री अकराला ‘रक्त का देत नाही’ म्हणून रक्तपेढीच्या खिडकीशी उभा असलेला बाप हा हिशेब ऐकला तर समजून घेतो.

स्क्रीनिंग निगेटिव्ह आले म्हणून कूम्ब्स क्रॉसमॅच सोडू नका, हेही सांगायला हवे. आयएन-ए हा अँटिजेन 1973 मध्ये मुंबईत सापडला, आपल्याकडे तो शंभरातल्या तीन-चार जणांत असतो, आणि परदेशी दात्यांपासून केलेल्या पॅनलवर तो सहसा नसतो. तशी अँटिबॉडी फक्त क्रॉसमॅचमध्येच समोर येईल. आणि रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (रुग्णाचे सिरम माहीत गटाच्या पेशींवर लावताना) ओ पेशी घालायला विसरू नका. 1952 मध्ये मुंबईत नोंदवलेल्या बॉम्बे गटाचा रुग्ण फॉरवर्डमध्ये (त्याच्या पेशी तपासताना) ओ म्हणून निघतो, पण त्याची अँटी-एच सगळ्या ओ पेशींना, म्हणजे तुमच्या पॅनललाही, जोरात गुठळ्या करते.

शेवटचा मुद्दा कागदाचा. किड अँटिबॉडी काही महिन्यांत तपासणीच्या पातळीखाली जाते आणि पुढच्या पिशवीने पुन्हा उसळते. रुग्ण या महिन्यात एका दवाखान्यात, पुढच्या महिन्यात दुसरीकडे. तिथले स्क्रीनिंग प्रामाणिकपणे निगेटिव्ह येईल आणि पिशवी जाईल. यावर यंत्राचा नाही, खिशातल्या कार्डाचा उपाय आहे. एटीएम कार्डाएवढे, प्लास्टिक लॅमिनेशन केलेले, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण मध्य प्रदेशातले रुग्णही ते दाखवणार आहेत. त्यावर एवढे असावे: रुग्णाचा गट, सापडलेली अँटिबॉडी, पहिल्यांदा सापडल्याची तारीख आणि तपासणीची पद्धत, फिनोटाइप, आणि ठळक अक्षरांत, ‘आजची तपासणी निगेटिव्ह आली तरी या अँटिजेनचे रक्त देऊ नये.’ गरोदर बाईच्या बाबतीत हेच कार्ड माता-बाल संरक्षण कार्डाला स्टेपल करावे, म्हणजे प्रसूतीच्या रात्री ते शोधावे लागणार नाही.

आपले,
नागपुरातील रक्तपेढ्यांत व प्रयोगशाळांत काम करणारे तंत्रज्ञ आणि डॉक्टर